शिट्टी वाजेल इतका वाकडा

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला मी आयुष्यात एकदाच गेले आणि तिथं एक कागद भरून दिला. त्या कागदाची मला अजून लाज वाटते, म्हणून आधी तेच सांगून मोकळी होते.

शिबिर डॉक्टरांसाठी होतं. एका हॉटेलच्या गारठलेल्या हॉलमध्ये शिकवणारे सर कॉलरला माइक लावून फिरत होते आणि दर पाच मिनिटांनी आम्हाला टाळ्या वाजवायला लावत होते. त्यांनी दोन प्रश्न दिले. तुमच्या पाहण्यातलं सगळ्यात प्रभावी व्यक्तिमत्त्व कोण? मी बाबांबद्दल लिहायला लागले. जागा संपली, समास संपला, मग कागद उलटा करून लिहिलं. दुसरा प्रश्न होता, व्यक्तिमत्त्व खुलवायची गरज तुमच्या ओळखीत कुणाला आहे? तिथं मी क्षणाचाही विचार न करता एकच शब्द लिहिला. आत्या.

माझे बाबा दातांचे डॉक्टर. आता निवृत्त झालेत आणि दवाखाना मी चालवते. बाबा बोलायला लागले की शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा थांबून ऐकतं. घाबरलेल्या पेशंटला ते असे काही किस्से सांगत, की दात निघून ताटलीत पडला तरी पेशंटचं लक्ष किश्शाच्या शेवटाकडे. माणूस गेला की लोक 'दिलखुलास व्यक्तिमत्त्व हरपलं' असं छापतात ना, तसं बाबांच्या बाबतीत लोक ते जिवंतपणीच म्हणत, अर्थात हरपलं सोडून.

आणि आत्या म्हणजे त्यांची चार वर्षांनी धाकटी बहीण. पावलांचा आवाज येत नाही म्हणून बाबांनी लहानपणीच तिचं नाव मनी ठेवलं आणि ते चिकटलं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत ती कवळ्या बनवते. तरुणपणी ती बाबांचा डबा द्यायला म्हणून आली, तिथल्या म्हाताऱ्या कारागिराचं काम बघत उभी राहिली, ती आज एकतीस वर्षं तिथंच आहे. खोली म्हणाल तर एक टेबल, एक स्टूल, मेण वितळवायचा दिवा, पॉलिशचं यंत्र आणि डोक्यावर गुणगुणणारी ट्यूबलाइट. खिडकी नाही. तिन्ही भिंतींवर फळ्या, आणि फळ्यांवर आजवर आलेल्या पेशंटच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे, खाली चिठ्ठ्या लावून. लग्न तिनं केलं नाही. का, ते घरात कुणी विचारलं नाही आणि ती आपण होऊन सांगणाऱ्यातली नाही. कुणी काही सांगितलं की तिचं उत्तर ठरलेलं. "बरं." जेवायला ये, बरं. आज नको येऊस, बरं. घरात आम्ही सगळे बडबडे. आमच्या जेवणाच्या टेबलावर एखादं वाक्य पुरं करायचं म्हणजे चालत्या गाडीत चढण्यासारखं. आत्या त्या फंदात पडायचीच नाही.

तिच्या कामावरून एकदा मी तिच्याशी वाद घातला होता, म्हणजे मी वाद घातला होता आणि ती मेण तासत होती. आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांची कवळी बघितली तर वरच्या समोरच्या दाताला बारीकशी खाच. "आत्या, नव्या कोऱ्या दाताला खाच? फेकून दे तो आणि दुसरा दात लाव." ती म्हणाली, "त्यांच्या जुन्या दाताला होती. चाळीस वर्षं धागा तोडून पडलेली. नसली तर त्यांचा धागा निसटेल." मला वाटलं, हा अडाणीपणा आहे. कॉलेजात आम्हाला दात सरळ, सारखे आणि पांढरे कसे दिसतील ते शिकवलं होतं. खाच पाडायला कुणी शिकवलं नव्हतं.

तर अशी ही पार्श्वभूमी. मागच्या वर्षी मी एका मोठ्या लॅबशी बोलणी केली. तोंडात छोटा कॅमेरा फिरवायचा, कॉम्प्युटरवर जबडा पाठवायचा, आठ दिवसांत यंत्रातून कवळी तयार. मग मागच्या खोलीचं काय काम? तिथं एक्स-रेचं मशीन बसेल. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "जग पुढं चाललंय, आपण कशाला मागं राहायचं?" मग मी मागच्या खोलीच्या दारात उभी राहून आत्याला सांगितलं, की वर्षअखेरीला ही खोली रिकामी करावी लागेल, तू आता आराम कर.

"बरं," आत्या म्हणाली.

तिच्या हातातली सुरी थांबली होती का, ते मी बघितलंसुद्धा नाही. मी मोबाइलवर एक्स-रे मशीनची मापं बघत होते.

त्याच सुमाराला बाबांचे दात काढायची वेळ आली. साखरेच्या आजारानं हिरड्या गेल्या होत्या. जगाचे दात राखणाऱ्या माणसाकडे स्वतःचे अकरा उरले होते आणि ते अकराही हलत होते. दोन बैठकांमध्ये मी ते काढले. आणि इथं मी जी चूक केली ती दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसती. दात काढण्याआधी तोंडाचा साचा घेऊन ठेवायचा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. रस्त्यावरून आलेल्या अनोळखी माणसाच्या बाबतीतही मी तो विसरले नसते. पण हे बाबा! बाबांचे दात कसे होते हे मला साच्यावरून कळायला हवं होतं का? बाबांना वाटलं मी घेतला असेल. मला वाटलं बाबांनी कधीतरी घेतलेला असणारच. आत्याला वाटलं, दोन डॉक्टर आहेत घरात, त्यांना काय सांगायचं. तिन्ही भिंतींवर अख्ख्या गावाचे जबडे, आणि त्यात आमच्या घरातला एकही नाही.

जखमा भरेपर्यंत तीन महिने बाबा तोंडापुढं रुमाल धरून वावरले. मग लॅबची कवळी आली. सुरेख होती, खोटं का बोलू. वर चौदा आणि खाली चौदा असे अठ्ठावीस दात, शाळेच्या कवायतीला उभे असल्यासारखे. बाबांनी आरशात बघितलं आणि खूश झाले. त्यांचा वरचा, समोरचा डावा दात वाकडा होता, शेजारच्यावर थोडा चढलेला, आणि मध्ये फट. त्यांना तो कधीच आवडला नव्हता. घरातल्या एकाही फोटोत बाबा तोंड उघडून हसलेले नाहीत. इतक्या हसऱ्या माणसाचे सगळे फोटो ओठ मिटलेले, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

खुशी पंधरा दिवस टिकली. त्या फटीतून बाबांच्या बोलण्यात एक बारीक शिट्टी यायची. 'सांगतो ऐक' म्हणाले की आधी शिट्टी, मग गोष्ट. ती शिट्टी गेली आणि तिच्याबरोबर आणखीही काहीतरी गेलं. बाबांनी धाकट्या काकूला फोन केला तर ती म्हणाली, "कोण बोलतंय? राँग नंबर," आणि ठेवून दिला. बाबांनी ती गोष्ट आम्हाला हसत सांगितली, पण पुन्हा तिला फोन केला नाही. संध्याकाळी दवाखान्यात येऊन बाकावरच्या लोकांना किस्से सांगायचा त्यांचा नेम होता. एक दिवस त्यांनी किस्सा मध्येच सोडला आणि उठून घरी गेले. नंतर येणंच बंद केलं. घरी खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचायचे, कवळी वाटीत. "काय झालं बाबा?" तर म्हणायचे, "काही नाही, छान आहे." माझे बाबा आणि चार शब्दांत उत्तर! मला धसका बसला.

लॅबला मी दोनदा कवळी परत पाठवली. तिथल्या माणसानं फोनवर समजावलं, "मॅडम, सगळी मापं शंभर टक्के बरोबर आहेत." ती होतीच. त्या मापांत बाबा तेवढे कुठं बसत नव्हते.

शेवटी मी मागच्या खोलीत गेले. आत्यानं साचे खोक्यांत भरायला सुरुवात केली होती. वर्तमानपत्राच्या कागदात एकेक जबडा गुंडाळत होती, अंडी गुंडाळावीत तसा. मी म्हटलं, "आत्या, ते नंतर भर. बाबांची कवळी तू बनव. या आठवड्यात झाली तर बरं होईल."

"नाही," आत्या म्हणाली.

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. "म्हणजे?"

"तू सांगतेस म्हणून नाही बनवणार. त्याला हवी असेल तर तो येईल. या स्टुलावर बसेल. मला दात लावायला माणूस समोर लागतो, निरोप नाही."

मी तडकले. आजारी भावाशी कसला हट्ट, वगैरे बरंच बोलले. आमच्या घरात बोलायला कुणाचं काय जातं! ती ऐकून घेत होती आणि पुढचा जबडा कागदात गुंडाळत होती. माझी दमछाक झाली तेव्हा ती म्हणाली, "झालं? मग दार लोटून घे, धूळ येते."

एकतीस वर्षांत बाबा त्या खोलीत कधी बसले नव्हते. दारातून ओरडायचे, "मने, झालं का?" आणि हात लांब करून कवळी न्यायचे. आता स्वतःसाठी तिथं जाऊन बसायचं म्हणजे त्यांना फार जड गेलं. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी ते आले, रुमाल तोंडापुढं धरून, आणि स्टुलावर बसले. मी दारात उभी राहिले. आत्यानं मला जा म्हटलं नाही, हे तिचे उपकार.

हिरड्यांचा साचा तिनं घेतला, माप घेतलं, आणि चार दिवसांनी मेणावर दात लावून त्यांना पुन्हा बोलावलं. कच्ची कवळी त्यांच्या तोंडात बसवली आणि स्वतः त्यांच्याकडे पाठ करून बसली.

"साठपासून सत्तरपर्यंत मोज," ती म्हणाली.

"मी काय बालवाडीत आहे?" बाबा म्हणाले.

"मोज, दादा."

बाबा मोजायला लागले. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. ती डोळे मिटून प्रत्येक आकड्यातला 'स' ऐकत होती. कवळी काढली, मेण जरा गरम केलं, वरचा एक दात केसाएवढा हलवला, परत बसवली. "पुन्हा." असं सहा वेळा झालं. मला शिंपीकाका आठवले, आणि इतर कितीतरी. हे सगळे इथं बसून मोजून गेले होते आणि मी पलीकडच्या खोलीत होते. सातव्या वेळी बाबांचा पारा चढला.

"बस झालं! काही उपयोग नाही याचा."

आत्या शांतपणे म्हणाली, "बरं, मोजू नकोस. तो दात वाकडा कसा झाला ते सांग."

"कसा म्हणजे? तू मला सायकलवरून ढकललंस!"

"मी मागून धरली होती. तूच ओरडलास, सोड म्हणून."

"मी म्हणालो होतो सोडू नकोस! सोडू नकोस!"

"मला 'सोड' एवढंच ऐकू आलं."

"पंचावन्न वर्षं झाली तरी खोटं बोलतेस! स्पष्ट म्हणालो होतो, सोडू नकोस. समोर दगड होता, मला सगळं दिसत होतं..."

आणि बाबा सुटले. हातवारे, भुवया, सायकलचा रंग, दगडाचा आकार, सगळं बाहेर आलं. बोलता बोलता उठून उभे राहिले. आत्या आता वळून त्यांच्या ओठांकडे बघत होती. मध्येच ती म्हणायची, "थांब, आ कर," कवळी काढायची, दात जरासा वळवायची, परत बसवायची आणि म्हणायची, "हं, मग? मी सोडली." की बाबा पुन्हा पेटायचे. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तेव्हा मला मोठ्यानं हसू आलं. ती त्यांना मुद्दाम चिडवत होती. ही आमची मुकी मनी, आणि माझ्या बाबांना, ज्यांच्यापुढं कुणाचं काही चालत नाही त्यांना, बोटावर नाचवत होती!

मग एकदम तिचा आवाज उतरला. "घरी तू सांगितलंस, एकटाच पडलो म्हणून. माझं नाव घेतलं नाहीस. मार तू खाल्लास. तो दात बघितला की मला वाटायचं, याच्यात थोडी मी पण आहे. फोटोत तू तोंड मिटून घ्यायचास ना, तेव्हा मला फार वाईट वाटायचं."

बाबा खाली बसले.

"मला वाटायचं लोक हसतील," ते म्हणाले.

"हसायचेच की. म्हणून तर यायचे सगळे." मग तिनं मेणाची सुरी उचलली. "बोल आता. तुझं तोंड आहे. सरळ करू, की होता तसा?"

बाबांनी पुष्कळ विचार केला. मी मनात म्हणत होते, होता तसा म्हणा, होता तसा. पण ते म्हणाले, "अर्धा. शिट्टी वाजेल इतकाच वाकडा."

आत्या पहिल्यांदा खळखळून हसली. मला तेव्हा जे समजलं ते शिबिरातल्या सरांनी दोन दिवस टाळ्या वाजवायला लावूनही समजलं नसतं. मला वाटत होतं व्यक्तिमत्त्व म्हणजे माणूस चारचौघांत किती उठून दिसतो ते. आणि इथं एक बाई बसली होती जिला एका माणसाचा एक दात पंचावन्न वर्षं लक्षात होता, आणि तरीही तो कसा हवा हे तिनं त्यालाच विचारलं. असं दुसरं कुणी मी बघितलेलं नाही. ती अगदी ती होती, पहिल्यापासून. आम्हीच आवाज करत होतो.

कवळी पक्की झाली त्या दिवशी बाबांनी काकूला फोन लावला. पलीकडून काकू इतक्या जोरात ओरडली की मला इकडे ऐकू आलं, "अहो भावजी, होता कुठं इतके दिवस?" त्याच संध्याकाळी ते बाकावर येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या मनाची होऊन आत्याकडे गेले. लॅबला नकार कळवून आले होते. म्हटलं, "आत्या, खोकी उघड. खोली तुझीच राहणार." मला वाटलं तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे येईल.

"ही खोली नको," आत्या म्हणाली. "एक्स-रे मशीन इथंच बसव, त्याला उजेड लागत नाही. मला तुझ्या केबिनची खिडकी पाहिजे. दाताचा रंग ट्यूबलाइटखाली कळत नाही. पहिल्या दिवशी दादाला सांगितलं होतं, तो म्हणाला पुढची खोली पेशंटला दिसते. तर दिसू दे की. आणि कवळीचा पेशंट आधी माझ्याकडे बसेल, मग तुझ्याकडे."

माझी केबिन! ती खिडकी मला जीव की प्राण होती. दोन रात्री मी धुसफुसले, नवऱ्याजवळ कुरकुर केली, मग टेबल उचलून आतल्या अंगाला नेलं. आता माझ्याकडे भिंत आहे आणि आत्याकडे उजेड. पहिल्याच सकाळी तिनं तयार असलेल्या तीन कवळ्या खिडकीशी धरून बघितल्या, "सगळ्या पिवळ्या," म्हणाली आणि दात बदलायला घेतले.

तिची मांडामांड झाल्यावर मी तिच्यापुढच्या खुर्चीत जाऊन बसले. "माझ्या तोंडाचा साचा घेऊन ठेव," मी म्हटलं. "बाबांच्या वेळची चूक पुन्हा नको."

तिनं पूड कालवली, ट्रेमध्ये भरली आणि माझ्या तोंडात दाबून बसवली. ते घट्ट होईपर्यंत चार मिनिटं लागतात आणि त्या चार मिनिटांत माणसाला हूं की चूं करता येत नाही. आमच्या घरातलं माणूस चार मिनिटं गप्प! आत्यानं एका हातानं ट्रे धरून ठेवला होता. खिडकीतून बाहेर बघत ती बोलायला लागली.

"तुझा उजवीकडचा सुळा माझ्यासारखा निघाला. तू बारा वर्षांची होतीस तेव्हाच दिसलं होतं मला. सगळे म्हणायचे, पोरगी बापाची प्रत आहे. मी कधी बोलले नाही. पण माझा सरळ खाली उतरलाय, तुझा जरा पुढं झुकलाय, घाई असल्यासारखा. आमच्याकडे तसा कुणाचाच नाही. तो तुझा तूच आणलास. तू कॉलेजातून आलीस ना, तेव्हा मला भीती वाटली होती, ही पहिल्यांदा तोच घासून सरळ करणार. नाही केलास. मला बरं वाटलं होतं. अगं, हलू नकोस, साचा बिघडेल. रडायचं ते नंतर रड."

तिनं माझ्या गालावरचं पाणी आपल्या बाहीनं टिपलं आणि घड्याळाकडे बघितलं. मग ट्रे हलकेच सोडवून काढला, उजेडाकडे धरला, माझ्या दातांचे खड्डे नीट उमटलेत का ते बघितलं. तिला समाधान वाटलं असावं, कारण तिनं मान हलवली.

"हं, आता बोल," ती म्हणाली.

मी तोंड पुसलं. "नको," मी म्हटलं. "तूच बोल."

आत्यानं ट्रे बाजूला ठेवला, स्टूल जवळ ओढलं आणि बोलायला लागली.